गोऱ्या मांत्रिकाची कंत्राटी नोकरी

१२ फेब्रुवारी २०१२ च्या रात्री गॅबनची राजधानी लिब्रव्हिल येथे आफ्रिकन नेशन्स करंडकाचा अंतिम सामना संपला, तेव्हा विजेत्या झांबियाचे खेळाडू मैदानभर धावत सुटले होते. त्यांचा एक सहकारी, बचावपटू जोसेफ मुसोंडा, मात्र त्या धावपळीत नव्हता. सामन्याच्या पहिल्या काही मिनिटांतच पाय दुखावल्यामुळे तो रडत मैदानाबाहेर आला होता. पांढराशुभ्र शर्ट घातलेला एक फ्रेंच माणूस त्याच्याजवळ गेला, लहान मुलाला उचलावे तसे त्याने मुसोंडाला दोन्ही हातांवर उचलले आणि जल्लोष करणाऱ्या घोळक्यात नेऊन सोडले. हा माणूस म्हणजे झांबियाचे प्रशिक्षक एर्वे रेनार.

हेच रेनार पुढच्या वर्षी मायदेशी परतले आणि सोशो या क्लबची सूत्रे त्यांनी हाती घेतली. २०१४ च्या मे महिन्यात तो क्लब फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. त्यानंतर त्यांनी आयव्हरी कोस्टला २०१५ चा आफ्रिकन करंडक जिंकून दिला आणि दोन वेगवेगळ्या देशांना हा करंडक मिळवून देणारे ते पहिलेच प्रशिक्षक ठरले. त्याच वर्षी ते फ्रान्समधील लील क्लबकडे गेले आणि सहा महिन्यांच्या आतबाहेर त्यांची हकालपट्टी झाली. आफ्रिकेत दोनदा अजिंक्य आणि मायदेशी दोनदा नापास असा हा हिशेब आहे. त्याचा सोपा अर्थ लावणारे म्हणतात, की आफ्रिकेतील स्पर्धाच हलक्या दर्जाची असावी. मला हा अर्थ आळशीपणाचा वाटतो. ही दोन कामे मुळातच वेगळी आहेत, आणि ती वेगळी कशी हे समजले की आफ्रिकेतील युरोपीय प्रशिक्षकांची एरवी विचित्र भासणारी कारकीर्द बरीचशी उलगडते.

आधी एका शब्दप्रयोगाविषयी. फ्रेंच भाषेत अशा प्रशिक्षकांना 'सोर्सिए ब्लां', म्हणजे 'गोरा मांत्रिक', म्हणण्याची रीत आहे. फिलिप त्रुसिए यांना हे बिरुद आबिजानच्या आसेक मिमोझास क्लबच्या दिवसांपासून चिकटले. क्लोद ल रुआ यांनाही ते लावले गेले. वरवर कौतुकाचा वाटणारा हा शब्द दोन्ही बाजूंचा अपमान करतो. आफ्रिकेतील फुटबॉल म्हणजे अंगारेधुपारे असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि प्रशिक्षकाच्या रोजच्या रुक्ष मेहनतीवर जादूचा पडदा टाकला जातो. प्रत्यक्षात ही जादूही नव्हे आणि मिशनही नव्हे. ती एक नोकरी आहे. अल्प मुदतीची, बऱ्यापैकी पगाराची आणि कोणत्याही दिवशी संपू शकणारी.

या नोकरीत माणूस शिरतो कसा, हे रेनार यांच्याच उदाहरणावरून पाहता येईल. १९६८ मध्ये एक्स-ले-बां या गावी जन्मलेले रेनार कान क्लबकडून बचावपटू म्हणून खेळले, पण खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले नाही. खेळणे संपल्यावर द्रागिन्यां या दक्षिण फ्रान्समधील गावच्या हौशी संघाला शिकवत असतानाच पोट भरण्यासाठी ते पहाटे अंधारात उठून इमारतींची साफसफाई करत आणि कचऱ्याचे डबे बाहेर काढत. पुढे त्यांनी सफाईची स्वतःची छोटी कंपनीही काढली. युरोपात मोठ्या क्लबचे प्रशिक्षकपद बहुधा नामांकित माजी खेळाडूंकडे किंवा क्लबच्याच अकादमीत वाढलेल्यांकडे जाते. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्याला ओळखीचा एखादा माणूस शोधावा लागतो. रेनार यांना तो क्लोद ल रुआ यांच्या रूपाने भेटला. ल रुआ यांनी १९८८ मध्ये कॅमेरूनला आफ्रिकन करंडक जिंकून दिला होता आणि पुढे सहा देशांचे मिळून एकूण नऊ आफ्रिकन करंडकांमध्ये त्यांनी संघ उतरवले. २००२ मध्ये त्यांनी रेनार यांना साहाय्यक म्हणून शांघायला नेले, मग इंग्लंडमधील चौथ्या श्रेणीच्या केंब्रिज युनायटेडकडे. ल रुआ निघून गेल्यावर केंब्रिजची मुख्य जबाबदारी रेनार यांच्यावर आली आणि काही महिन्यांतच ती गेलीही. त्यानंतर व्हिएतनाममधला एक क्लब झाला, फ्रान्समधील खालच्या श्रेणीचा शेरबूर झाला आणि २००७ मध्ये पुन्हा ल रुआ यांच्याच हाताखाली घानाच्या राष्ट्रीय संघात जागा मिळाली. घानाने २००८ चा करंडक मायदेशी भरवला आणि तिसरे स्थान मिळवले. त्या वर्षी झांबियाला प्रशिक्षक हवा होता, आणि चाळिशीला टेकलेल्या रेनार यांना त्यांची पहिली राष्ट्रीय नोकरी मिळाली.

थोडक्यात सांगायचे, तर हे क्षेत्र गुरुशिष्यपरंपरेवर चालते. एक फ्रेंच, एक जर्मन, एक बेल्जियन असे काही ज्येष्ठ प्रशिक्षक आफ्रिकेत आयुष्य काढतात, त्यांचे साहाय्यक पुढे स्वतंत्र होतात, एका संघटनेचा अध्यक्ष दुसऱ्याला फोन करून विचारतो, आणि तीच पाच-पंचवीस नावे एका देशातून दुसऱ्या देशात फिरत राहतात. गेर्नोट रोर या जर्मन प्रशिक्षकांनी गॅबन, नायजर, बुर्किना फासो, नायजेरिया आणि बेनिन असे एकामागून एक देश सांभाळले. ओटो फिस्टर तर १९७० च्या दशकात रवांडापासून सुरू झाले आणि २००८ मध्ये कॅमेरूनला घेऊन अंतिम सामन्यात पोहोचले. मधल्या काळात त्यांनी १९९१ मध्ये घानाच्या सतरा वर्षांखालील मुलांना जगज्जेतेही केले होते.

आता मालक कोण, हा प्रश्न. कागदोपत्री प्रशिक्षकाची नेमणूक त्या देशाची फुटबॉल संघटना करते. पण अनेक आफ्रिकी देशांत परदेशी प्रशिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे क्रीडा मंत्रालयाकडून येतो, आणि जो पैसे देतो त्याला आपले म्हणणे ऐकले जावे असे वाटणे स्वाभाविक आहे. एका प्रशिक्षकाला अशा वेळी दोन साहेब असतात. याचे सर्वांत उघडे उदाहरण कॅमेरूनमध्ये घडले. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या क्रीडा मंत्रालयाने बेल्जियमच्या मार्क ब्रिस यांना राष्ट्रीय प्रशिक्षक नेमले. संघटनेचे अध्यक्ष आणि एके काळचे थोर खेळाडू सॅम्युएल एटो यांनी ही नेमणूक आपल्याला विश्वासात न घेता झाली म्हणून हरकत घेतली. दोघांची पहिलीच बैठक कॅमेऱ्यांसमोर शाब्दिक चकमकीत संपली. पुढे ब्रिस दीड वर्ष टिकले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये, आफ्रिकन करंडक तोंडावर आलेला असताना, संघटनेने त्यांना काढून टाकले. अशा ठिकाणी काम करणाऱ्याला चेंडूइतकेच राजधानीतील वाऱ्यावरही लक्ष ठेवावे लागते.

मग परदेशी माणूस आणायचाच कशाला? याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. वसाहतकाळापासून आलेली, बाहेरचे ते चांगले ही सवय त्यात आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रशिक्षक घडवणाऱ्या संस्था आफ्रिकेत उशिरा उभ्या राहिल्या, हेही खरे. पण एक व्यावहारिक कारण असे, की राष्ट्रीय संघाची निवड हा बऱ्याच देशांत प्रदेशांचा, भाषिक गटांचा आणि दोन-तीन मोठ्या क्लबांचा मामला असतो. स्थानिक प्रशिक्षकाने कोणालाही वगळले, की त्याचे आडनाव, गाव आणि जुना क्लब काढला जातो. परक्याला गावच नसते. दुसरे, पराभव झाला तर त्याचे खापर फोडायला परक्याचे डोके सोयीचे पडते, आणि त्याला विमानात बसवून दिले की राग शांत होतो. म्हणजे काही वेळा या माणसाला नेमले जाते तेच मुळी पुढे हाकलता यावे म्हणून.

परकेपणाची ही ढाल नेहमीच उपयोगी पडते असेही नाही. युगोस्लाव्हियाचे ब्लागोये विदिनिच यांनी १९७४ मध्ये झाईरला, म्हणजे आजच्या डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ काँगोला, आफ्रिकन करंडक जिंकून दिला आणि त्याच वर्षी पश्चिम जर्मनीतील विश्वचषकात नेले. सहाराच्या दक्षिणेकडचा हा विश्वचषकातील पहिलाच देश. योगायोगाने गटात युगोस्लाव्हियाच आला, आणि झाईर ९-० असा हरला. पहिले तीन गोल झाल्यावर, सामन्याची जेमतेम वीस मिनिटे उलटलेली असताना, विदिनिच यांनी गोलरक्षक काझादी याला बदलले. हा बदल देशप्रेमापोटी होता की काय, अशी कुजबुज त्यावर झाली. खेळाडूंचे ठरलेले पैसे मिळाले नव्हते आणि संघ आधीच मनाने मोडलेला होता, हे खरे कारण कुजबुजीपेक्षा कितीतरी साधे होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. क्लबचा प्रशिक्षक वर्षातील जवळजवळ रोज खेळाडूंना भेटतो; एखादी चाल बसत नसेल तर ती तो महिनाभर घोटून घेऊ शकतो, आणि तरीही जमले नाही तर दुसरा खेळाडू विकत आणा असे मालकाला सांगू शकतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला यातले काहीच करता येत नाही. वर्षातून चार-पाच वेळा, दर खेपेला सुमारे आठ-दहा दिवस त्याला खेळाडू मिळतात. त्यातले दोन दिवस प्रवासात आणि एक थकवा घालवण्यात जातो. आफ्रिकी संघांत ही अडचण अधिक टोकदार होते, कारण एकाच संघातील एक खेळाडू लंडनहून येतो, दुसरा इस्तंबूलहून, तिसरा जोहान्सबर्गहून आणि चौथा देशातल्याच एखाद्या क्लबातून. एकाचा आठवड्याचा पगार दुसऱ्याच्या कित्येक वर्षांच्या कमाईहून जास्त असतो. त्यांनी एकाच बसमध्ये बसायचे, एकाच हॉटेलात राहायचे आणि एकमेकांसाठी धावायचे. करंडकाच्या चार आठवड्यांत ही माणसे एकत्र बांधून ठेवणे हेच मुख्य काम. डावपेच त्यानंतर येतात.

२०१२ च्या झांबियात रेनार यांनी हे कसे केले, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ते २०१० मध्ये झांबिया सोडून गेले होते. अंगोला आणि अल्जीरियातील एक क्लब असा फेरफटका करून ऑक्टोबर २०११ मध्ये परतले. त्यांच्यासाठी जागा रिकामी कशी झाली, हीसुद्धा या नोकरीची तऱ्हा सांगणारी गोष्ट आहे: इटलीच्या दारिओ बोनेत्ती यांनी झांबियाला करंडकासाठी पात्र करून दिले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांना काढण्यात आले. रेनार यांच्या हाती आलेल्या संघात युरोपातील बड्या क्लबचे नाव असलेला एकही खेळाडू नव्हता. कर्णधार क्रिस्तोफर कातोंगो चीनमध्ये खेळत असे, आघाडीचा इमॅन्युएल मायुका स्वित्झर्लंडमध्ये, गोलरक्षक केनेडी म्वीने दक्षिण आफ्रिकेत, आणि स्टॉपिला सुन्झू व रेनफर्ड कलाबा हे सीमेपलीकडच्या लुबुंबाशीच्या टीपी माझेंबे क्लबमध्ये.

या संघाच्या मागे एक सावली होती. २७ एप्रिल १९९३ रोजी झांबियाच्या राष्ट्रीय संघाला सेनेगलकडे घेऊन जाणारे लष्करी विमान लिब्रव्हिलमध्ये इंधन भरून उडाले आणि थोड्याच वेळात समुद्रात कोसळले. विमानातील तीसही जण गेले. त्यांत अठरा खेळाडू होते आणि प्रशिक्षक गॉडफ्रे चितालू होते, जे स्वतः देशाचे नामांकित गोलवीर होते. त्या वेळी नेदरलँड्समध्ये खेळणारा कालुशा ब्वाल्या स्वतंत्रपणे येणार असल्यामुळे वाचला. वर्षभरात नव्याने उभा केलेला संघ स्कॉटलंडच्या इयन पोर्टरफिल्ड यांच्या हाताखाली १९९४ च्या करंडकाचा अंतिम सामना खेळला आणि नायजेरियाकडून हरला. २०१२ मध्ये तेच कालुशा झांबियाच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते. आणि कार्यक्रमपत्रिका अशी पडली होती, की झांबियाचे साखळीतले आणि बाद फेरीतले सामने शेजारच्या इक्वेटोरियल गिनीमध्ये. लिब्रव्हिलला जायचे असेल तर अंतिम सामन्यापर्यंतच पोहोचायला हवे.

रेनार यांनी हा दुवा हेरला आणि खेळाडूंच्या मनात तो जागा ठेवला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या खेळाडूंपैकी बहुतेक जण अपघाताच्या वेळी पाच-सात वर्षांची पोरे होती. परक्या माणसाने त्यांच्या देशाचे दुःख त्यांनाच समजावून सांगायचे, यात अतिशय अवघडलेपण होते आणि थोडे जरी नाटकी झाले असते तर ते हास्यास्पद ठरले असते. तसे झाले नाही, कारण त्या माणसाने आधीची दोन वर्षे लुसाकात काढली होती आणि खेळाडू त्याला ओळखत होते. दुसऱ्या बाजूला शिस्तही तशीच कडक होती. स्पर्धा चालू असतानाच क्लिफर्ड मुलेंगा हा खेळाडू रात्रीची वेळ मोडून बाहेर राहिला आणि माफी मागायला तयार झाला नाही. त्याला सरळ घरी पाठवण्यात आले.

झांबियाने सलामीला सेनेगलला २-१ असे हरवले, उपांत्यपूर्व फेरीत सुदानला ३-० आणि उपांत्य फेरीत घानाला मायुकाच्या एकमेव गोलवर. संघ लिब्रव्हिलला पोहोचला, आणि अंतिम सामन्याआधी खेळाडू समुद्रकिनाऱ्यावर जाऊन फुले वाहून आले. समोर आयव्हरी कोस्ट होता: दिदिए द्रोग्बा, याया तुरे, कोलो तुरे, जेर्विन्यो असा तोलामोलाचा संघ, ज्याने संपूर्ण स्पर्धेत एकही गोल स्वीकारला नव्हता. सत्तराव्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली आणि द्रोग्बाने चेंडू गोलपट्टीवरून उडवला. जादा वेळेनंतरही गोलफलक कोराच राहिला. शूटआउटमध्ये झांबियाचे खेळाडू गुडघे टेकून एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गात होते. पहिले सात-सात फटके दोन्ही बाजूंनी अचूक बसले. मग म्वीनेने कोलो तुरेचा फटका अडवला. संधी चालून आली तर कलाबाने बाहेर मारला. जेर्विन्योचाही वर गेला. आणि सुन्झूने चेंडू जाळ्यात घातला. ८-७. त्यानंतर मुसोंडाला उचलण्याचा तो प्रसंग.

हे कसब क्लबमध्ये का चालत नाही? क्लबचा हंगाम दहा महिन्यांचा असतो. भावनेची अशी धार चार आठवडे टिकते, अडतीस सामने टिकत नाही. सोशोला रेनार आले तेव्हा हंगाम सुरू झालेला होता आणि संघ तळाशी होता. उत्तरार्धात त्यांनी तो बराच सावरला, पण शेवटच्या दिवशी कमी पडला. लीलमध्ये उलट प्रश्न होता: संयमाने, महिनोन्महिने एक खेळपद्धती रुजवायची होती आणि सामन्यामागून सामने गोलच होत नव्हते. लांब पल्ल्याचा धावपटू आणि शंभर मीटरचा धावपटू यांत हलका कोण, असे आपण विचारत नाही. इथेही विचारू नये.

आयव्हरी कोस्टची कथा झांबियाच्या उलट्या बाजूची आहे. तिथे खेळाडूंची वानवा नव्हती, उलट नावे इतकी मोठी होती की १९९२ नंतर करंडक का येत नाही हा राष्ट्रीय दुखण्याचा विषय झाला होता. रेनार २०१४ च्या जुलैत आले आणि द्रोग्बाने लगेचच आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. पहिले दोन सामने बरोबरीत सुटले. मग गाडी रुळावर आली आणि ८ फेब्रुवारी २०१५ रोजी बाटा येथे घानाविरुद्धचा अंतिम सामना पुन्हा गोलशून्य होऊन शूटआउटमध्ये गेला. आयव्हरी कोस्टचे पहिले दोन्ही फटके वाया गेले होते. तिथून सामना ८-८ पर्यंत आला, फटके मारायला मैदानावरचे अकराही जण संपत आले आणि पाळी गोलरक्षकांवर आली. पहिल्या पसंतीचा गोलरक्षक जखमी झाल्यामुळेच खेळायला मिळालेल्या पस्तिशीच्या बुबाकार बारीने आधी घानाच्या गोलरक्षकाचा फटका अडवला आणि मग स्वतः गोल केला.

२०१६ पासून रेनार मोरोक्कोत होते आणि तिथे या नोकरीचा आणखी एक पैलू दिसतो. मोरोक्को, अल्जीरिया, सेनेगल अशा देशांचे बरेच खेळाडू युरोपात, स्थलांतरितांच्या घरांत जन्मलेले असतात. २०२२ च्या विश्वचषकातील मोरोक्कोच्या २६ पैकी १४ जण देशाबाहेर जन्मले होते. या मुलांपुढे जन्मभूमीकडून खेळायचे की आईवडिलांच्या देशाकडून, असा पर्याय असतो. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना पटवणे हे प्रशिक्षकाच्या कामाचे एक मोठे अंग झाले आहे. माद्रिदमध्ये जन्मलेल्या अश्रफ हकिमीला २०१६ मध्ये पहिली संधी रेनार यांनीच दिली. नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या हकीम झियेशशी मात्र त्यांचे बिनसले आणि २०१७ च्या करंडकातून त्यांनी त्याला वगळले. पण पुढे ते स्वतः त्याला भेटायला गेले, आणि तो परतला. मोरोक्कोने पात्रतेच्या शेवटच्या गटात एकही गोल न स्वीकारता, अखेरच्या सामन्यात आबिजानला जाऊन रेनार यांच्याच जुन्या संघाला २-० हरवत, १९९८ नंतर प्रथमच विश्वचषक गाठला.

याच झियेशवरून वाहिद हालिल्होजिच यांची नोकरी कशी गेली, ते शेजारी ठेवून पाहावे. बोस्नियाचे हे प्रशिक्षक निःसंशय जाणकार. त्यांनी २०१४ मध्ये अल्जीरियाला बाद फेरीत नेऊन जर्मनीला जादा वेळेपर्यंत झुंजवले होते. पण २०१० मध्ये आयव्हरी कोस्टला विश्वचषकात पोहोचवल्यावर, करंडकातील एका पराभवानंतर त्यांना काढले. २०१८ मध्ये जपानने स्पर्धेच्या दोन महिने आधी काढले. आणि २०२२ मध्ये मोरोक्कोने तीन महिने आधी. मोरोक्कोत त्यांनी झियेशला बेशिस्तीच्या कारणावरून बाहेर ठेवले, झियेशने निवृत्ती जाहीर केली, लोक चिडले आणि संघटनेने प्रशिक्षकाऐवजी खेळाडू निवडला. तीन देशांना विश्वचषकाच्या दारापर्यंत आणून तिन्ही वेळा दाराबाहेर उभा राहिलेला दुसरा प्रशिक्षक मला तरी माहीत नाही.

पैशाची बाजूही आहेच. २००६ च्या विश्वचषकात टोगोच्या खेळाडूंनी बोनससाठी सराव थांबवला, तेव्हा ओटो फिस्टर पहिल्या सामन्याच्या तीन-चार दिवस आधी राजीनामा देऊन निघून गेले आणि सामन्याआधी परत आले. झिंबाब्वेने तर एका माजी प्रशिक्षकाचा, ते ब्राझीलचे होते, थकलेला पगार चुकता केला नाही म्हणून मार्च २०१५ मध्ये फिफाने त्या देशाला २०१८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतूनच बाद केले. त्यामुळे अनुभवी माणूस करारात घर, गाडी, विमानाची तिकिटे आणि काढून टाकल्यास मिळायची भरपाई हे सगळे आधी लिहून घेतो. यश मिळाले तरी मुदत वाढेलच याची खात्री नसते. बेल्जियमच्या ह्यूगो ब्रोस यांनी २०१७ मध्ये, जोएल मातिपसारख्या अनेकांनी यायला नकार दिल्यावर उरलेल्या खेळाडूंना घेऊन, कॅमेरूनला करंडक जिंकून दिला. अंतिम सामन्यातील दोन्ही गोल राखीव खेळाडूंनी केले. विश्वचषकाची पात्रता हुकली आणि वर्ष संपण्याआधी ब्रोस यांची गच्छंती झाली. पुढे दक्षिण आफ्रिकेत मात्र त्यांना वेळ मिळाला, आणि देशांतर्गत क्लबांतल्या खेळाडूंवर भर देत त्यांनी तो संघ २०२३ च्या करंडकात तिसऱ्या स्थानावर आणि मग २०२६ च्या विश्वचषकात नेला.

सगळेच पाहुणे म्हणून राहत नाहीत. फ्रान्सचे ब्रूनो मेत्सू यांनी २००२ च्या विश्वचषकात सेनेगलला गतविजेत्या फ्रान्सवर १-० असा विजय मिळवून देत उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्यांनी तिथेच लग्न केले, इस्लाम स्वीकारला, आणि २०१३ मध्ये वारल्यावर त्यांचे दफन डाकारमध्ये झाले. याउलट १९९० मध्ये कॅमेरूनला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत नेणारे, तिथपर्यंत जाणारा तो पहिला आफ्रिकी संघ, सोव्हिएत प्रशिक्षक व्हॅलेरी नेपोम्नियाश्ची दुभाष्यामार्फत बोलत.

या फिरत्या मंडळींपैकी काही आपल्याकडेही येऊन गेली आहेत. भारतीय संघाचे दोनदा प्रशिक्षक झालेले स्टीफन कॉन्स्टन्टाइन यांनी त्या दोन खेपांच्या मधल्या काळात मलावी, सुदान आणि रवांडा हे संघ सांभाळले होते. २०१५ च्या जानेवारीत ते रवांडातूनच थेट भारतात आले. एफसी गोवाला चेंडू पायाशी ठेवून खेळायला शिकवणारे आणि २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीला साखळी व अंतिम विजेतेपद अशी दोन्ही मिळवून देणारे सेर्हिओ लोबेरा त्यापूर्वी मोरोक्कोच्या मोग्रेब तेतुआन क्लबचे प्रशिक्षक होते. फातोर्ड्याच्या मैदानावर त्यांचे संघ पाहिलेल्यांना हे क्वचितच ठाऊक असते.

मात्र आता वारे फिरले आहे. कतारमधील २०२२ च्या विश्वचषकात आफ्रिकेच्या पाचही संघांचे प्रशिक्षक त्या त्या देशाचे होते, असे प्रथमच घडले. आणि हालिल्होजिच यांच्या जागी अवघ्या तीन महिन्यांपूर्वी आलेल्या वालिद रेग्रागी यांनी मोरोक्कोला उपांत्य फेरीत नेले. २०२४ च्या जानेवारीत आयव्हरी कोस्ट यजमान असताना इक्वेटोरियल गिनीकडून ४-० असा हरला आणि फ्रेंच प्रशिक्षक झां-लुई गासे यांना स्पर्धेच्या मध्यावरच नारळ मिळाला. संघटनेला लगेच रेनार आठवले. ते तेव्हा फ्रान्सच्या महिला संघाचे प्रशिक्षक होते. त्यांना काही आठवड्यांपुरते उसने द्यावे अशी विनंती फ्रेंच महासंघाला करण्यात आली आणि ती फेटाळली गेली. नाइलाजाने साहाय्यक एमर्स फाए यांच्याकडे सूत्रे आली. फाए यांनी यापूर्वी कोणत्याही वरिष्ठ संघाचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले नव्हते. ११ फेब्रुवारी रोजी त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात नायजेरियाला २-१ असे हरवले.

वृत्तपत्रांनी याला स्थानिक प्रशिक्षकाचा विजय म्हटले, आणि ते चूक नाही. फाए आयव्हरी कोस्टकडून विश्वचषक खेळलेले आहेत. पण त्यांचा जन्म फ्रान्समधील नांतचा, फुटबॉलचे शिक्षण नांत क्लबच्या अकादमीतले, आणि २००१ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक त्यांनी उंचावला होता तो फ्रान्सच्या निळ्या जर्सीत. रेग्रागी जन्मले पॅरिसजवळच्या एका उपनगरात. २०१९ मध्ये अल्जीरियाला करंडक जिंकून देणारे जामेल बेलमादीही तसेच. तेव्हा 'युरोपीय' आणि 'आफ्रिकी' अशा दोन रकान्यांत प्रशिक्षकांची नावे लिहायला बसलेल्याची पेन्सिल हल्ली फार लवकर अडखळते.